घरच्या घरी खळ, डिंक आणि दुधाचा गोंद: नव्याने करणाऱ्यांसाठी

पोळा जवळ आला, शाळेत पताका लावायचं ठरलं किंवा बचत गटाला कागदी पिशव्यांची ऑर्डर मिळाली, की पहिला प्रश्न गोंदाचा येतो. छोटी बाटली बघता बघता संपते आणि मोठा डबा आणायला तालुक्याला जावं लागतं. घरात मात्र मैदा, साबुदाणा, तांदूळ, दूध आणि झालंच तर धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बाभळीचा डिंक, सगळं असतंच.

आमच्या गटात पिशव्या आणि पाकिटं होतात, त्यामुळे खळ, म्हणजे पीठ किंवा साबुदाणा शिजवून केलेला गोंद, करणं माझ्या रोजच्या कामातलं आहे. नव्याने येणाऱ्या बाया आणि शाळेतली पोरं तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. खळ शिजवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. बहुतेकांचं बिनसतं ते त्यानंतर, लावताना आणि वाळवताना. म्हणून तो भाग नीट वाचा. घाईत असाल तर मधलं थोडं सोडलं तरी चालेल.

१. आधी काम ठरवा, मग गोंद

सगळ्या कामांना एकच गोंद चालत नाही. साधारण हिशेब असा:

- कागदी पिशव्या, पुस्तकांची कव्हरं, पताका, भिंतीवरची पोस्टरं: मैद्याची खळ
- पतंग, आकाशकंदील, झिलेटीन सोडून बाकी पातळ रंगीत कागद: तांदळाची किंवा साबुदाण्याची खळ, कारण ती वाळल्यावर डाग दिसत नाही
- पाकिटं, वहीत चिकटवायची चित्रं, लेबलं: बाभळीचा डिंक
- लाकडाचे लहान तुकडे, पोळ्याच्या लाकडी नंदीबैलाचं मोडलेलं शिंग: दुधाचा गोंद
- जुन्या टोपल्या, सुपं लिंपणं: मेथी आणि कागदाचा लगदा

चप्पल, प्लॅस्टिक, काच, पाण्याचा पाइप, कपाचा कान यांतलं काहीही घरच्या गोंदाने जुळत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

२. लागणारं सामान

जाड बुडाचं पातेलं किंवा गंज, लाकडी उलथनं, वाटी, चहाची गाळणी किंवा जुन्या सुती ओढणीचा तुकडा, झाकणाची काचेची बरणी. ब्रश नसेल तर शिंदीची किंवा कडुनिंबाची काडी घ्या, तिचं टोक दातवणासारखं ठेचून काढा. रुंद कागदाला शिंदीच्या झाडूच्या चार काड्या दोऱ्याने आवळून बांधल्या तरी चांगला ब्रश होतो.

गोंदाचं भांडं वेगळं ठेवा. खळ अन्नाचीच असली तरी पुढे त्यात तुरटी किंवा मोरचूद (निळे विषारी खडे) जातं, आणि घाईत कुणी तोच गंज चुलीवर वरणाला चढवतं.

३. मैद्याची खळ

अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी थंड पाणी आणि दोन वाट्या उकळतं पाणी. पिशव्यांना हे माप बरोबर बसतं. पोस्टरांसाठी उकळतं पाणी तीन-साडेतीन वाट्यांपर्यंत वाढवा.

पहिली पायरी थंड पाण्याची, आणि ती टाळायची नाही. मैदा थंड पाण्यात बोटांनी फोडून, डोशाच्या पिठासारखा एकजीव होईपर्यंत कालवा. कारण सोपं आहे. पिठातल्या स्टार्चचे बारीक कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते वेगवेगळे होऊन तरंगतात. पाणी साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की गव्हाचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, पुढे फुटतात आणि सगळं दाट होतं. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गोळ्याचं वरचं साल आधी शिजून बंद होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग कितीही घोटा, गाठ काही फुटत नाही.

आता कालवलेला मैदा मंद आचेवर ठेवा आणि उकळतं पाणी बारीक धारेने सोडत एका हाताने ढवळत राहा. आमच्या गटातल्या एक काकू नवीन पोरींना म्हणतात, "हात थांबला का गाठी झाल्याच समज." चूल असेल तर मोठं लाकूड मागे ओढून इस्तवावर (निखाऱ्यांवर) शिजवा, कारण जाळाची आच सारखी राहत नाही आणि बुडाला लागते. बुडाला लागलेली खळ खरवडून वरच्यात मिसळू नका. त्या करपलेल्या पापुद्र्याचे तुकडे पुढे ब्रशमध्ये येतात आणि पांढऱ्या कागदावर तपकिरी रेघा ओढतात.

शिजली कशी ओळखायची? आधी ती दुधासारखी पांढरी दिसते. मग हळूहळू पांढरेपणा जाऊन थोडी पारदर्शक आणि चमकदार होते, मधूनमधून जाड बुडबुडा येऊन ‘फट’ करून फुटतो, आणि कच्च्या पिठाचा वास जातो. हा वास गेला की नाही, हीच खरी खूण. बुडबुडे आले म्हणून लगेच उतरवलेली खळ वाळल्यावर पावडरीसारखी सुटते. बुडबुडे यायला लागल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा.

उतरवताना ती तुम्हाला हवी त्यापेक्षा थोडी पातळ असू द्या. थंड होताना ती घट्ट होतेच. उतरवल्यावरही अधूनमधून ढवळा, नाहीतर वर साय धरते. गाठी राहिल्या असतील तर गरम असतानाच ओढणीतून गाळा, थंड झाल्यावर ती कापडातून उतरत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. उकळती खळ हातावर उडाली तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, कारण ती चिकटून बसते. मुलांना ढवळायची हौस असते, पण त्यांना काम गार झालेल्या खळीचं द्या.

मैद्याऐवजी कणीक चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालते, पण कणकेत कोंडा असतो. तो ब्रशमध्ये अडकतो, कागदावर खरखर राहते आणि खळ लवकर आंबते. ज्वारीच्या पिठाचीही खळ होते. वऱ्हाडात घरोघरी हेच पीठ असतं, पण त्याला जास्त वेळ आणि जास्त आच लागते, रंग काळपट येतो आणि वाळल्यावर ती ठिसूळ होते. पुठ्ठ्याला लावा, पिशव्यांना नको.

४. किती टिकते, आणि टिकवायला काय घालावं

साधी खळ उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, थंडीत दोन-तीन दिवस. फ्रीज असेल तर तीन-चार दिवस. आंबट वास, वर पाणी सुटणं, काळे किंवा गुलाबी ठिपके यांपैकी एक जरी दिसलं तरी फेका. वास आलेली खळ पुन्हा उकळून काही होत नाही, तिचा चिकटपणा जंतूंनी खाल्लेला असतो. माझं म्हणणं असं की टिकवण्याच्या मागे लागूच नये. लागेल तेवढी रोज करावी, पीठ असतंच कितीसं.

तरी मोठी ऑर्डर असेल आणि दोन-तीन दिवस चालवायचीच असेल तर हे मार्ग आहेत.

तुरटी. दोन वाट्या खळीला पाव चमचा बारीक तुरटी, गरम असतानाच. बुरशी उशिरा येते. पण तुरटीने कागदात आम्ल राहतं आणि वर्षानुवर्षांत कागद पिवळा पडून तुटायला लागतो. पिशवी वापरून फेकायचीच असते, तिला काय फरक पडतो? जुनी वंशावळ, आजोबांचं पत्र किंवा जमिनीचा फाटलेला कागद मात्र तुरटीच्या खळीने जोडू नका. अशा कागदाला मागून पातळ कागदाची पट्टी आणि तांदळाची साधी खळ, तीही अगदी थोडी. सातबारा फाटला असेल तर चिकटवत बसण्यापेक्षा डिजिटल स्वाक्षरीचा नवा उतारा काढून घ्या.

मोरचूद. पुस्तकं बांधणारे पूर्वीपासून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. संत्र्याच्या पट्ट्यात, वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे, ते घरात असतंच, बोर्डो मिश्रणासाठी (झाडांवरच्या बुरशीचं मोरचूद-चुन्याचं औषध) आणलेलं. तेच हे निळे खडे. हे विष आहे. गटात किंवा शाळेत वापरू नका, खाण्याच्या वस्तूंच्या पिशव्यांना तर मुळीच नाही. पुस्तकाच्या बांधणीसाठी वापरायचंच असेल तर हातमोजे घाला आणि प्लॅस्टिकच्या भांड्यातच मिसळा. लोखंडाच्या किंवा जर्मनच्या भांड्यात ते धातूला खातं. बोर्डो करणारे प्लॅस्टिकचा ड्रम घेतात तो याचसाठी. उरलेली अशी खळ उकिरड्यावर टाकू नका, तिथे गुरं आणि कोंबड्या तोंड घालतात.

मीठ, हळद, लवंगेचं तेल असे आणखी उपाय सांगितले जातात. दोन थेंब लवंगतेलाने वास चांगला राहतो आणि बुरशी थोडी लांबते. मीठ घालू नका. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं आणि जोड ओला राहतो.

५. लावणं आणि वाळवणं

इथे घाई करू नका.

जास्त खळ म्हणजे जास्त मजबूत, हा समज पहिला सोडा. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि मग जोड सरकतो किंवा बुरशी धरतो. थर इतका पातळ हवा की खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं त्यातून वाचता यावीत. लावल्यावर अर्धा मिनिट थांबा. कागद पाणी पिऊन किंचित फुगतो, त्याला फुगू द्या आणि मग चिकटवा. लगेच चिकटवला तर तो जागेवर बसल्यावर फुगतो आणि सुरकुत्या पडतात.

कागदाला एक दिशा असते. वर्तमानपत्र वरून खाली फाडा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं. पिशवीची उभी घडी आणि उभा जोड शक्यतो या सरळ फाटणाऱ्या दिशेत ठेवा, म्हणजे ओलाव्याने कडा मुरडत नाहीत. ही एक गोष्ट समजली की निम्म्या वाकड्या पिशव्या आपोआप सरळ होतात.

चिकटवल्यावर मधून बाहेर, कोरड्या फडक्याने दाबत जा. कडेला खळ बाहेर आली तर लगेच पुसा, नाहीतर एकावर एक ठेवलेल्या पिशव्या एकमेकींना चिकटतात. मग वर पाटा किंवा विटा ठेवून दाबा, मध्ये जुनी वर्तमानपत्रं घाला.

आता वाळवण्याचं. विदर्भाचं ऊन फुकट आहे म्हणून बाहेर अंगणात टाकू नका. एप्रिल-मे महिन्यात, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर नक्कीच, कागदाची वरची बाजू मिनिटांत वाळून आवळते, आतली बाजू ओली असते, आणि सगळी पिशवी पापडासारखी मुरडते. ओसरीत किंवा सावलीत बाजेवर पसरा, वारा येऊ द्या. कूलरच्या तोंडाशीही नको. कूलरची हवा दमट असते, वाळायला दुप्पट वेळ लागतो.

पावसाळ्यात गोष्ट उलट. खळ नेहमीपेक्षा घट्ट करा म्हणजे कागदात पाणी कमी जाईल, आणि काम दुपारी उघाड पडल्यावर करा. वाळलं असं वाटलं तरी गठ्ठा बांधू नका. जोड गालाला लावून बघा, थंड लागला तर आत ओल आहे. ही परीक्षा हाताने होत नाही, काम करणाऱ्याचं बोट ओल्या-कोरड्यातला फरक पकडत नाही. ओला गठ्ठा एकदा बांधला की चार दिवसांनी उघडल्यावर कुबट वास येतो आणि सगळा माल जातो.

पिशव्या विकणार असाल तर अजून एक सांगते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून कागदी पिशव्यांना मागणी आहे, आणि वर्तमानपत्र सगळ्यात स्वस्त पडतं. पण छापील वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागते, म्हणून अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत खाद्यपदार्थ गुंडाळायला वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे. समोसे, चिवडा, मिठाईवाल्यांना कोऱ्या तपकिरी कागदाची पिशवी द्या. वर्तमानपत्राची कापड दुकानाला, मेडिकलला, बांगडीवाल्याला चालते.

पोस्टरांचं थोडक्यात. भिंत झाडून धूळ काढा, आधी भिंतीला खळ, मग कागद, मग वरूनही पातळ हात. सारवलेल्या मातीच्या भिंतीवर पोस्टर टिकत नाही, मातीचाच पापुद्रा घेऊन खाली येतं. आणि खालचा भाग शेळीच्या तोंडापेक्षा उंच ठेवा. गावात नाटकाचं पोस्टर सकाळपर्यंत निम्मं झालं तर समजा की खळ चांगली गोड झाली होती. परवानगीशिवाय कुणाच्या भिंतीवर लावू नका, महाराष्ट्रात त्यासाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे.

६. तांदूळ आणि साबुदाणा

झाडीपट्टीत, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, घरात भात रोजचाच. शिळा, मऊ भात मूठभर घ्या, थोडं कोमट पाणी टाकून पाट्यावर किंवा वाटीत गुळगुळीत रगडा आणि कापडातून दाबून काढा. निघालेला लगदा लगेच वापरा. पतंगीच्या कागदाला, कामठ्या चिकटवायला, फाटलेल्या पतंगीला चिप्पी लावायला हा उत्तम, कारण पाणी कमी असतं आणि पातळ कागद विरघळत नाही. भात मोकळा आणि फडफडीत असेल तर चिकटपणा कमी येतो. चिकट शिजणारा जाडा तांदूळ यासाठी बरा.

साबुदाण्याची खळ माझ्या आवडीची. एक चमचा साबुदाणा अर्धी वाटी पाण्यात दोन तास भिजवा, मग आणखी दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर शिजवा. दाणे काचेसारखे पारदर्शक होऊन विरघळायला लागले की उलथन्याच्या पाठीने चेचा आणि गाळा. वाळल्यावर जवळजवळ दिसत नाही. कंदिलाला आणि भुलाबाईच्या मखराच्या रंगीत कागदाला हीच लावा. मैद्याच्या खळीचे पांढरट डाग दिव्याच्या उजेडात फार उठून दिसतात.

७. डिंक: कोणता चालतो, कोणता नाही

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण बाजारात आणि रानात ‘डिंक’ या एका नावाखाली पाच-सहा वेगळ्या वस्तू मिळतात.

बाभळीचा डिंक: हाच हवा. पिवळसर ते लालसर तपकिरी, पाण्यात पूर्ण विरघळतो.

धावड्याचा डिंक: लाडवाचा. चिकटतो, पण महाग आहे. तो लाडवातच शोभतो.

कढईचा डिंक: भिजवला की फुगून जेलीसारखा होतो, विरघळत नाही. गोंदाच्या कामाचा नाही.

सालईचा डिंक: मेळघाटाकडे जंगलात भरपूर. राळेसारखा वास येतो, धुपात जातो. पाण्यात नीट विरघळत नाही.

कोणता आहे हे ओळखता येत नसेल तर हरभऱ्याएवढा खडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी मधासारखं झालं असेल तर घ्या. खडा फुगून बोराएवढा झाला असेल तर सोडून द्या.

करायची रीत: डिंक कुटून घ्या, त्यातली साल आणि मुंग्या निवडून काढा. एक वाटी डिंकाला दोन वाट्या कोमट पाणी, झाकून रात्रभर. सकाळी ढवळून कापडातून गाळा. उकळू नका, काळा पडतो आणि पातळ होतो. पाकिटाच्या झाकणाला लावून वाळवून ठेवला तर नंतर ओल्या बोटाने पुसलं की पुन्हा चिकटतो. हा गुण खळीत नाही. तोटा एवढाच की वाळलेला थर ठिसूळ असतो, म्हणून घडी पडणाऱ्या जागी नको.

डिंक काढायला झाडाला कुऱ्हाडीचे घाव घालत बसू नका. उन्हाळ्यात सालीवर आपोआप आलेले खडे पुरतात. आणि संत्र्याच्या खोडावर डिंक दिसला तर तो गोंदासाठी गोळा करण्याआधी झाडाकडे बघा. तो बहुतेक वेळा डिंक्या रोग असतो. साल खरवडून बोर्डोचा लेप द्यायची वेळ झाली आहे, असं समजा.

बेल आणि भोकर यांचाही चिकट गर असतो. कच्च्या बेलात बियांभोवती जो चीक असतो तो कागदाला चांगला धरतो. भोकराचं पिकलं फळ पिळून पोरं वहीत चित्रं चिकटवायची. दोन्ही वेळेपुरते, साठवायचे नाहीत.

८. लाकडासाठी दुधाचा गोंद

उन्हाळ्यात दूध फाटतं आणि घरात कुरकुर होते. पुढच्या वेळी ते फेकू नका.

अर्धा लिटर साय काढलेलं दूध कोमट करा, त्यात दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. दूध फाटेल. आधीच फाटलेलं असेल तर नुसतं गरम करा, पण साय आणि तूप निघू द्या, कारण स्निग्धपणा चिकटपणा मारतो. कापडात गाळून चोथा थंड पाण्याने दोनदा धुवा आणि घट्ट पिळा. हे दुधातलं केसिन.

आता वाटीत चोथा घेऊन त्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि चमचाभर पाणी घालून रगडा. फेस येईल, थांबेल, आणि गोळे मोडून दाट, गुळगुळीत चिकट पदार्थ तयार होईल. हा कागदाला आणि हलक्या लाकडाला पुरतो.

लाकडाचा जोड जास्त पक्का हवा असेल तर सोड्याऐवजी पानाचा चुना, हरभऱ्याएवढा. चुन्याने केसिन कडक होतं आणि वाळल्यावर पाण्याने सहज सुटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांचे जोड केसिनच्या गोंदानेच जुळवलेले असत, त्यामुळे घरगुती आहे म्हणून हलका समजू नका. मात्र चुना घातलेला गोंद काही तासांत भांड्यातच घट्ट होतो. आधी जोडायच्या वस्तू तयार ठेवा, मग चुना घाला. डोळ्यात उडू देऊ नका, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला करायला सांगा.

तान्ह्या (म्हणजे मुलांच्या) पोळ्याच्या लाकडी नंदीबैलाचं शिंग जोडायचं असेल तर असं करा. मोडलेल्या दोन्ही बाजूंवरचा जुना रंग आणि तेल ब्लेडने खरवडा, कारण रंगावर हा गोंद धरत नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर, नीट बसवा, सुतळीने आवळून बांधा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. पोळ्याच्या आदल्या रात्री दुरुस्ती काढलीत तर बैल तोरणाखाली जाईल आणि शिंग झडत्या (पोळ्याची गाणी) संपायच्या आत हातात येईल.

वजन पेलणाऱ्या वस्तूला, खुर्चीच्या पायाला, बाजेच्या ठाव्याला हा गोंद नको. तिथे सुताराला बोलवा.

९. मेथीचा लगदा

हा गोंद म्हणून मोजावा की नाही, ठाऊक नाही, पण विदर्भातल्या जुन्या घरांत याच्या टोपल्या अजून दिसतात. वर्तमानपत्राचे तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून उखळात कुटा. मूठभर मेथी रात्रभर भिजवून पाट्यावर वाटा. वाटलेली मेथी बुळबुळीत आणि तारेची लागली पाहिजे. दोन्ही एकत्र मळा. फुटक्या बांबूच्या टोपलीला आतून-बाहेरून लिंपा, किंवा उलट्या गंजावर ओलं फडकं टाकून त्यावर थापा आणि वाळल्यावर काढून घ्या.

मेथी कडू असल्यामुळे कीड सहसा लागत नाही. थर बोटाएवढा जाड करू नका, सावलीत वाळवायला आठवडा लागतो. दोन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळवून. अशा टोपलीत डाळी, लसूण, सुकी मिरची ठेवा. ओलं काही नको.

१०. मोठ्या कामाआधी एक तुकडा

गोंद कोणताही असो, ज्या कागदावर काम करायचं त्याच्याच दोन पट्ट्या चिकटवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून बघा. जोड सुटण्याआधी कागद फाटला, तर गोंद पास. कागद शाबूत राहून जोड सुटला आणि मागे पांढरी पावडर दिसली, तर खळ कच्ची आहे. पावडर नसून नुसती चमक दिसली, तर कागदच गुळगुळीत, मेणकट आहे. त्यावर घरचा कोणताही गोंद धरणार नाही, बाजारातला पांढरा सिंथेटिक गोंद आणा. फेव्हिकॉल १९५९ पासून मिळतो आहे, तो यासाठीच.

ब्रश काम झाल्या झाल्या धुवा. खळ वाळलेला ब्रश दुसऱ्या दिवशी पाण्यात तासभर भिजवला तर सुटतो, पण चुना घातलेल्या दुधाच्या गोंदाचा सुटत नाही. त्याला कडुनिंबाची काडीच वापरा, काम संपलं की चुलीत टाका.